नऊ नंबरची पाणचक्की

‘आइंडहोवनच्या आसपास : एका दिवसाच्या चौदा सहली’ या पुस्तिकेचा मी लेखक आहे. लेखक हा शब्द लिहिताना हात अडखळतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पुस्तकं कपाटात लावली. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच, आणि तेही चोवीस पानांचं, मधोमध दोन पिना मारलेलं. त्या चौदापैकी एक ठिकाण मी पाहिलेलंच नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे माझ्याविषयी उगाच आदर वाटून घेण्याचे वाचकाचे कष्ट वाचतील.

माझा मुलगा अंबरीश इथे, नेदरलँड्समध्ये, चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतो. ती यंत्रं नेमकं काय करतात ते त्याने मला चार वेळा समजावलं आहे आणि चारही वेळा मी मान हलवली आहे. कराडच्या कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर, आणि पत्नी गेल्यावर, वर्षातले पाच-सहा महिने मी त्याच्याकडे असतो. इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी संपदा अंबरीशच्याच कंपनीत आहे. मंडळातल्या प्रत्येक घरी उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना कालवे, पवनचक्क्या, चीजचा बाजार असं सगळं दाखवून होतं. मग मुलं ऑफिसला जातात आणि आईबाबा खिडकीत बसून समोरच्यांची कुत्री मोजतात. त्यांना स्वतःचं स्वतः, बसने जाऊन, संध्याकाळपर्यंत घरी परतता येईल अशी खेड्यापाड्यांतली ठिकाणं कुणीतरी लिहून द्यावीत, असं संपदाला वाटलं.

“काका, तुम्ही दिवसभर वाचतच असता. तुम्हीच लिहा ना.”

मला नाही म्हणता येत नाही. याच कारणाने कराडला आमच्या घरात एकाच विक्रेत्याकडून घेतलेले तीन कुकर होते.

त्या वर्षीच्या मुक्कामात मी हिंडलो. एकटाच, पाठीला पिशवी, पिशवीत दशमी आणि डच-इंग्रजी शब्दकोश. माळरानावरच्या मेंढ्या पाहिल्या. ॲस्परॅगसची शेतं पाहिली, त्यांच्या मातीच्या लांबच लांब सरी पाहून मला आमच्याकडची आल्याची शेतं आठवली. बेल्जियमच्या सीमेजवळच्या एका मठात गेलो. तिथले साधू बिअर बनवतात आणि लोक ती प्यायला लांबून येतात. मी तिथे चहा घेतला आणि पुस्तिकेत लिहिलं, ‘चहा बरा मिळतो.’ कुठे बाक आहे, कुठे स्वच्छतागृह आहे आणि त्याला सुटं नाणं लागतं का, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं, हे मी इमानदारीने टिपलं. भाषेत काही चमक नव्हती.

अपवाद नऊ नंबरचा.

क्रिंगलूपमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, मला एक डच पुस्तक सापडलं. ब्राबांट या इथल्या प्रांतातल्या पायवाटांचं. सुरुवातीची पानं फाटलेली होती. त्यात एका ओढ्यावरच्या पाणचक्कीचं असं वर्णन होतं की शब्दकोशाच्या मदतीने वाचतानासुद्धा माझ्या अंगावर काटा आला. चाकावरून निथळणारं पाणी, उंबऱ्यावर बसलेलं पांढरं पीठ, आणि आलेल्या पाहुण्याला ताज्या दळलेल्या पिठाची राईची भाकरी देणारा गिरणीवाला. मूळ शब्द ब्रेडचा होता. भाकरी मी केली. त्या गावाला जाणारी बस आठ माणसांची असते, चालक स्वयंसेवक असतो, आणि आधी हात करून ती थांबवावी लागते. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा हात वर करायचा धीर न झाल्याने बस समोरून निघून गेली. मग मी घरी आलो आणि वर्णन सरळ पुस्तकातून घेतलं.

चौतीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो की पुस्तक हातात घेतल्यावर आधी त्याचं साल बघा. या पुस्तकाचं सालाचं पान नव्हतं, आणि मी ते नसल्याचं लक्षातही घेतलं नाही. इतकी छान भाषा खोटी कशी असेल, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

पुस्तिका निघाली आणि नऊ नंबरने कमाल केली. कारण उघड आहे. तीन महिने दुकानातला ब्रेड खाऊन कंटाळलेल्या माणसाला तुम्ही मेंढ्या दाखवल्या तर तो मेंढ्या बघतो. पण ताज्या पिठाची भाकरी म्हटलं की तो चप्पल शोधू लागतो. सतीशराव, म्हणजे पुण्याच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळ्यात आधी मुलाच्या गाडीतून जाऊन आले. मंडळाच्या सहभोजनाला त्यांनी माझा हात हातात घेतला.

“विश्वासराव, काय जागा शोधलीत हो! आणि तो गिरणीवाला! काय मिशा त्याच्या! सोडेचना आम्हाला. खा म्हणतो, अजून एक खा.”

मिशांचा उल्लेख माझ्या पुस्तकात नव्हता. मला मनातून बरं वाटलं. वर्णन खरं निघालं आणि वर मिशाही. पुढच्या तीन महिन्यांत आणखी पाच-सहा कुटुंबं जाऊन आली. सगळ्यांनी ‘फार छान’ म्हटलं. लोक मला ‘लेखक’ म्हणू लागले, आणि काय सांगू, मला ते आवडायला लागलं. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी आरशात बघून भांग पाडू लागलो.

मग संपदाने दुसऱ्या आवृत्तीचं काढलं. मुखपृष्ठावर माझं नाव, आणि खाली ओळ : ‘प्रत्येक ठिकाण स्वतः पाहून लिहिलेलं.’ ती ओळ वाचल्यापासून मला नीट झोप लागेना. छापायला जायच्या आत, कुणालाही कळू न देता, नऊ नंबर पाहून येणं भाग होतं. नाहीतर जे एवढंसं नाव झालं होतं ते खोटं आहे हे मला तरी कायम माहीत राहिलं असतं. आणि कधीतरी इतरांनाही कळलं असतं.

संधी आली ती वासंतीबाईंमुळे. या संपदाच्या आई. बार्शीला मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेलं. लेकीच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या आणि गुरुवारी परत जाणार होत्या. सोमवारी त्यांचा फोन आला.

“विश्वासराव, तुमची ती नऊ नंबरची गिरणी. दळण घेतात का ते?”

“दळण?”

“पाच किलो ज्वारी आहे माझ्याकडे. हेगच्या दुकानातून जावयाने आणली. इथलं पाकिटातलं पीठ म्हणजे नुसती माती, विरी गेलेली. थापायला घेतली की भाकरी फाटते. मिक्सरमध्ये घातली तर मिक्सरच तापून बंद पडला. जायच्या आधी पोरीला चार चांगल्या भाकऱ्या करून घालायच्या आहेत. घेतात की नाही?”

इथे मी म्हणायला हवं होतं की बाई, मला माहीत नाही. मी म्हणालो, “घेत असावेत.”

“मग उद्याच जाऊ. सतीशरावांनाही बोलावते. त्यांची ओळख झालीय ना त्या मिशीवाल्याशी.”

हे ऐकून मला हायसं वाटलं. सतीशरावांना रस्ता माहीत होता. मी फक्त अर्धं पाऊल मागे चालायचं आणि सगळं पूर्वी पाहिल्यासारखा चेहरा ठेवायचा, एवढंच काम होतं.

मंगळवारी सकाळी बस आली. वासंतीबाईंनी असा हात वर केला की बार्शीच्या शाळेतला अख्खा वर्ग गप्प झाला असता. चालक आमच्याच वयाचा, उत्साही. इंग्रजीत म्हणाला, त्या थांब्यावर कुणी सहसा उतरत नाही, तिथे काय आहे? वासंतीबाईंनी ‘वॉटर मिल’ म्हटल्यावर त्याने भुवया उंचावल्या. मग म्हणाला, मी मूळचा ग्रोनिंगनचा, इकडे नवीनच आलोय, मला कल्पना नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

उतरल्यावर ज्वारीची पिशवी सतीशरावांनी घेतली. समोर दोन रस्ते होते, दोन्ही सरळ, दोन्हीकडे पॉप्लरची झाडं.

“चला,” सतीशराव मला म्हणाले.

“चला ना,” मी म्हणालो.

कुणीच हललं नाही.

“डावीकडे ना हो, विश्वासराव?”

“तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही अलीकडेच येऊन गेलात.”

“छे छे, लेखक तुम्ही! आम्ही आपले गाडीतून आलेलो. गाडीतून दिशा कळत नाही.”

“मलाही जरा... ऋतू बदलला की झाडं वेगळी दिसतात.”

वासंतीबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. गणिताच्या बाई त्या. दोन मुलींच्या उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या की त्यांना वास येत असणार.

“डावीकडे जाऊ,” त्या म्हणाल्या. “चुकलो तर उजवीकडे. दोनच तर आहेत.”

वीस मिनिटं चाललो. मी सतीशरावांच्या मागे राहायला बघत होतो, सतीशराव माझ्या मागे राहायला बघत होते. त्यामुळे आमचा वेग इतका कमी झाला की वासंतीबाई, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, शंभर पावलं पुढे गेल्या. ओढा लागला. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे त्याला वळण होतं, वळणावर विलोची झाडं होती. वळणापलीकडे एक प्रचंड मोठी पत्र्याची शेड होती.

शेडचं दार उघडं होतं. आत कॅरव्हान होत्या. पांढऱ्या, चाकांवरच्या, सुट्टीत गाडीला जोडून नेतात त्या. एकीला एक चिकटून, पन्नास तरी असतील.

“गिरणी मागे असेल,” सतीशराव म्हणाले.

“मागेच असणार,” मी म्हणालो.

रबरी बूट घातलेली एक बाई बाहेर आली. आम्हाला बघून तिने अजिबात आश्चर्य दाखवलं नाही. उलट तिचा चेहरा खुलला.

“तुम्हालाही कॅरव्हान ठेवायची आहे का?” तिने इंग्रजीत विचारलं.

वासंतीबाईंनी सतीशरावांच्या हातातली पिशवी घेतली, तिचं तोंड सोडलं आणि ज्वारी दाखवली. “मिल,” त्या म्हणाल्या. “ग्राइंडिंग.”

त्या बाईने ज्वारीकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. मग तिला उलगडा झाला. ती आम्हाला शेडच्या मागे घेऊन गेली. तिथे गवतात जात्याचा एक मोठा दगड आडवा पडला होता, मधल्या भोकात पिवळी फुलं लावलेली. गिरणी होती, ती म्हणाली, पण नवऱ्याच्या आजोबांनी पाडली. एकोणीसशे बासष्ट साली. नंतर इथे डुकरं होती, आता कॅरव्हान.

“एक विचारू का?” ती पुढे म्हणाली. “यंदा तुमच्याकडची खूप माणसं येतात. शेड बघतात, फोटो काढतात, हात हलवतात आणि निघून जातात. नवरा म्हणतो, भारतीय लोकांना कॅरव्हानचं वेड लागलंय. आम्ही दुसरी शेड बांधावी की काय या विचारात आहोत.”

मी तिला बांधू नका म्हणालो. इंग्रजीत, खालच्या आवाजात. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य.

परतीच्या बसला पन्नास मिनिटं होती. थांब्यावर बाक होता. मी सवयीने त्याची नोंद घेतली. वासंतीबाई मध्ये बसल्या, पिशवी मांडीवर, आम्ही दोघं दोन बाजूंना.

“हां,” त्या म्हणाल्या. “सतीशराव, मिशा कुठे आहेत?”

सतीशराव बुटाकडे बघत होते. “आम्ही इथवर आलोच नाही,” ते म्हणाले. “मुलगा गाडी चालवत होता. गाव दोनदा फिरलो, सापडेना. सूनबाई म्हणाली, बाबा, नक्की हेच ना? तिचा तो स्वर. रविवार होता, त्यांची सुट्टी वाया घालवली असं झालं. मी म्हटलं, पाय दुखताहेत, परत चला. मग मंडळात सगळे विचारायला लागले... म्हटलं, आपल्यालाच सापडली नाही हे कशाला सांगा. टेलिफोन खात्यात लाइनी शोधण्यात हयात गेली माझी.”

“आणि मिशा?”

“एवढं सांगितल्यावर एखादी मिशी लावावी लागतेच हो.”

वासंतीबाई माझ्याकडे वळल्या. मी त्यांना फाटक्या पुस्तकाचं सांगितलं. हात वर न केल्याने निघून गेलेल्या बसचं सांगितलं. साल न बघितल्याचं सगळ्यात शेवटी सांगितलं.

“ग्रंथपाल ना तुम्ही?”

“हो.”

“शून्य मार्क,” त्या म्हणाल्या आणि पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढला. शिक्षा झालेल्या मुलांनाही मधल्या सुट्टीत डबा खाऊ देतात, तशा मुद्रेने त्यांनी आमच्यापुढे धरला. आम्ही खाल्ल्या.

“एक करू या,” पुऱ्या संपल्यावर सतीशराव म्हणाले. “गिरणी बंद होती म्हणू. मंगळवारची सुट्टी. झालं! आवृत्ती छापली जाईल, विश्वासरावांचं नाव राहील, कुणाचं काही बिघडत नाही.”

मला हे फार पटलं, ही माझी लायकी. त्यात एकही भोक दिसेना. वासंतीबाई मात्र नुसत्या म्हणाल्या, “तुमचं तुम्ही ठरवा. मला विचारलं तर मी काय सांगेन ते मला अजून माहीत नाही.”

संपदाने दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर बाळ होतं आणि तोंडावर सगळ्यांचं स्वागत.

“आलात? आई, कशी होती गिरणी? मिळालं पीठ?”

ज्वारी आईच्या हातात दिसत होती. वासंतीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. लेकीशी त्या खोटं बोलणार नव्हत्या, आणि मला उघडं पाडावं असंही त्यांच्या मनात नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की मला बघवेना. तिकडे सतीशरावांनी घसा साफ केला. “अगं, आज मंगळवार—”

“गिरणी नाही,” मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला, बाळ दचकलं. “साठ वर्षांपूर्वीच पाडली. मी ती कधी पाहिलीच नव्हती. जुन्या पुस्तकातून उतरवलं. मुखपृष्ठावरची ती ओळ काढ. माझं नावही काढ.”

संपदा बाळाला थोपटत राहिली. मग तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती बाळाकडे बघते.

“काका, आम्ही एप्रिलमध्येच जाऊन आलो. कॅरव्हानच्या शेडपाशी बसून दहीभात खाल्ला.”

“तू तर म्हणालीस, फार छान होती!”

“मग काय म्हणणार? तुम्ही इतक्या उत्सुकतेने विचारत होता. मला वाटलं आम्हीच चुकलो. सतीशकाकांना तर मिशीवाला भेटला होता. नंतर त्यांच्या मुलाला, श्रीहर्षला, विचारलं, तोही गप्प. मग हळूहळू सगळ्यांचंच कळलं. पण तुम्हाला सांगायचं कुणी? चिठ्ठ्या टाकायची वेळ आली होती.”

म्हणजे तीन महिने मी भांग पाडून ज्या सभागृहांत वावरत होतो, तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला जमिनीत गेल्यासारखं व्हायला हवं होतं. तसं झालंही; पण त्याचबरोबर, कसं सांगू, पाठीवरची पिशवी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखंही वाटलं.

“नऊ नंबर काढून टाकू,” संपदा म्हणाली. “तेरा सहली करू. तुमचं नाव राहू दे.”

“तेरा कसल्या काढता?” वासंतीबाई आतून ओरडल्या. त्यांनी स्वयंपाकघरात मिक्सर पुढे ओढून घेतला होता आणि मूठ-मूठ ज्वारी घालून, मध्येमध्ये थांबून, दळायला सुरुवात केली होती. “वीस-पंचवीस माणसं जाऊन आली, त्यांनी ज्यांना सांगितलं ते अजून जातील. जे आहे ते लिहा. गिरणी नाही, दगड आहे, ओढा आहे, बाक आहे. दळण नेऊ नये.”

मी टेबलाशी बसून लिहून घेतलं. त्यांच्या वाक्यांत बदल करण्यासारखं काही सापडलं नाही. संपदाने मुखपृष्ठाची ओळ खोडून ‘पाहून आणि विचारून लिहिलेलं’ केली, तेवढ्यात वासंतीबाई पिठाचे हात तसेच धरून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“आणि बाकीची तेरा? ती तरी पाहिलीत ना?”

“पाहिलीत.”

“नक्की?”

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. “सात नंबर बाहेरून पाहिलंय. ते जुन्या खेड्याचं संग्रहालय. तिकिटाच्या खिडकीत एक मुलगी होती, ती हसून काहीतरी विचारत होती. मला कळेना. म्हणून मी कुंपणावरून पाहिलं. बरंचसं दिसतं कुंपणावरून.”

सतीशराव मोठ्याने हसले. वासंतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“माझं विमान गुरुवारी आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या बुधवार. साडेनऊला थांब्यावर या. बसला हात तुम्ही करायचा, आणि तिकीटही तुम्ही मागायचं. मी मागे उभी राहीन.”

“मीही येतो,” सतीशराव म्हणाले.

“तुम्ही या, पण बोलायचं नाही,” वासंतीबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या.